पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, मग ध्रुवावरच्या बर्फाचं मला काय?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, मी हिंजवडीत नोकरी करतो, बावधनला राहतो. ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय हे शाळेपासून ऐकतोय. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. खरं सांगा, मला यानं काय फरक पडतो? आणि लोकांना याचं काहीच का वाटत नाही, इतके बेफिकीर कसे? ता. क. दिवेआगरला किनाऱ्याजवळ दहा गुंठ्यांचा प्लॉट बघितलाय. एनए आहे, विहीर आहे, डांबरी रस्ता आहे, सातबारा स्वच्छ आहे, मालक एकटाच आहे. समुद्र वाढणार म्हणतात, तर घ्यावा का?"

मी हवामान खात्यात नोकरी केली. बहुतेक काळ शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, आणि मध्ये अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर हिवाळा काढून आलो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट तुमच्याच प्रश्नातली. बर्फाबद्दल तुम्ही मोघम विचारलंत, प्लॉटबद्दल मात्र विहीर, रस्ता, सातबारा, मालक, सगळं आलं. टोमणा मारत नाहीये. लोक बेफिकीर का असतात याचं निम्मं उत्तर त्या ताज्या कलमात आहे. त्याकडे शेवटी येतो.

पुणं बुडणार नाही. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ समुद्रात गेला तर पाणी साधारण ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकावरचा सगळा गेला तर सुमारे ५८ मीटर. बेरीज करा, पुण्याचा पायथाही भिजत नाही. आणि तेवढं वितळायला शतकं नव्हे, हजारो वर्षं लागतील. तेव्हा सिंहगडाच्या पायथ्याला होड्या लागल्याची जी चित्रं मोबाइलवर फिरतात, ती खुशाल पुसून टाका. असल्या चित्रांनी आमच्या विषयाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं नाकारणाऱ्यांनीही केलं नसेल. माणूस एकदा घाबरतो, वर्षभर वाट बघतो, होडी काही येत नाही, मग तो उरलेलं खरंही ऐकायचं बंद करतो.

खरं काय ते सांगतो. बर्फ दोन प्रकारचा, आणि बातम्यांमध्ये दोन्हींची खिचडी होते. उत्तर ध्रुवाभोवती जमीन नाही, समुद्र आहे, आणि त्यावर गोठलेला तरंगता बर्फ आहे. तो वितळला तरी पाण्याची पातळी जवळजवळ हलत नाही, कारण आपल्या वजनाएवढं पाणी त्यानं तरंगताना आधीच बाजूला सारलेलं असतं. त्याचं महत्त्व त्याच्या पांढरेपणात आहे. ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हातला ८० टक्क्यांहून जास्त भाग परत आकाशात जातो. उघड्या समुद्रावर पडलेलं ऊन जवळपास सगळं पाण्यात मुरतं. बर्फ हटला की पाणी तापतं, पाणी तापलं की आणखी बर्फ हटतो. १९८०च्या दशकात सप्टेंबरमध्ये, म्हणजे उन्हाळा संपताना, तिथे ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ उरायचा. २०१२ साली तो ३४ लाखांवर आला, भारताच्या क्षेत्रफळापेक्षा जेमतेम जास्त. तो नीचांक त्यानंतर मोडलेला नाही, हे संशयवादी मंडळी आवर्जून सांगतात आणि ते खरंच आहे. पण ७० लाखही पुन्हा कधी दिसलेले नाहीत. १९७९ पासूनचा हिशोब केला तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलाय.

दुसरा बर्फ जमिनीवर बसलेला, ग्रीनलंडचा आणि अंटार्क्टिकाचा. समुद्राची पातळी वाढवतो तो हा. ग्रीनलंड गेली वीसेक वर्षं दर वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या घरात बर्फ गमावतोय. अब्ज टन हा आकडा कुणाच्याही डोक्यात शिरत नाही, माझ्याही नाही. म्हणून पुणेकराच्या मापात सांगतो. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चारही धरणं काठोकाठ भरली की २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी होतं. ग्रीनलंडचा तोटा, वर्षाची सरासरी काढली तर, दिवसाला २६ टीएमसी पडतो. अंटार्क्टिकाचा तोटा याच्या साधारण निम्मा आहे.

मी टीएमसीत मुद्दाम सांगितलं. जुलै महिन्यात पुण्यात कुणालाही विचारा, पानशेत किती टक्के भरलं, मुठेत किती क्युसेकनं विसर्ग चालू आहे. रिक्षावाला सांगेल, दूधवाला सांगेल, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातला आकडे येतात. ज्या शहरातला माणूस न दिसणाऱ्या धरणाची टक्केवारी तोंडपाठ ठेवतो, त्याला आकड्यांचं वावडं आहे किंवा लांबच्या पाण्याची फिकीर नाही असं मी मानणार नाही. नळाला पाणी एक दिवसाआड येणार की रोज, हे त्या टक्क्यावर ठरतं, म्हणून तो टक्का बघितला जातो.

मैत्रीहून परत आल्यावर प्रत्येक कार्यक्रमात एक प्रश्न ठरलेला असायचा: "बर्फ वितळताना दिसला का हो?" नाही दिसला. मैत्री शिरमाकर ओअॅसिस नावाच्या खडकाळ पट्ट्यात आहे, समोर प्रियदर्शिनी तळं, त्याच तळ्याचं पाणी आम्ही वापरायचो. मागे बर्फाचा पठारी उतार चढत जातो तो थेट दक्षिण ध्रुवाकडे. समुद्र शंभरेक किलोमीटर लांब, मध्ये तरंगत्या हिमपट्टीवरून गाड्यांचा काफिला जातो. मे महिन्याच्या शेवटी सूर्य जातो तो जुलैच्या शेवटाकडे परत येतो. वादळ आलं की इमारतीतून इमारतीत जायला दोर धरावा लागतो. अशा ठिकाणी उभं राहून "हे सगळं कमी होतंय" असं म्हणायला जीभ रेटत नाही. उलट, आपलं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री, १९८३-८४च्या मोहिमेत तरंगत्या हिमपट्टीवर बांधलेलं, काही वर्षांतच हिमाखाली गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं. ते ऐकून मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास विचारणार, मग बर्फ वाढतोय की! पृष्ठभागावर हिम साचत राहतं हे खरं. तोटा होतो तो कडेला आणि तळाला, जिथे माणूस उभा राहू शकत नाही.

तो तोटा कळतो कसा, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. २००२ साली दोन जुळे उपग्रह सोडले, एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे पुढचा उपग्रह किंचित ओढला जातो, अंतर बदलतं. तो बदल केसाच्या जाडीपेक्षा कमी असला तरी मोजता येतो. महिन्यामागून महिने तीच मोजणी केली की कुठल्या भागातलं वजन घटलं ते कळतं. पहिली जोडी थकल्यावर २०१८ साली दुसरी गेली. म्हणजे बर्फावर उभा असलेला मी जे सांगू शकलो नसतो, ते अवकाशातलं एक यंत्र सांगतं. आता तुम्हीच सांगा, जे मैत्रीत बसून जाणवत नाही ते बावधनच्या सातव्या मजल्यावर जाणवावं अशी अपेक्षा करायची आणि नाही जाणवलं की लोकांना बेफिकीर म्हणायचं, हे बरोबर आहे का?

पश्चिम अंटार्क्टिकात परिस्थिती वेगळी आहे, आणि आमच्या क्षेत्रातली माणसं खासगीत ज्या नावानं अस्वस्थ होतात ते नाव म्हणजे थ्वेट्स हिमनदी. तिचा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे, आणि आत जावं तसा तो आणखी खोल जातो. बाहेरच्या समुद्रातलं तुलनेनं उबदार पाणी तळाशी घुसतं. उबदार म्हणजे काय, गोठणबिंदूच्या एक-दोन अंश वर. आपण त्यात हात घातला तर बोटं बधिर होतील, पण बर्फाला तेवढं पुरतं. पुढची तरंगती हिमपट्टी मागच्या हिमनदीला टेकू देते. टेकू गेला की मागचा बर्फ वेगानं समुद्राकडे सरकतो. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००२ साली लार्सन बी नावाची ३,२०० चौरस किलोमीटरहून मोठी हिमपट्टी महिन्याभरात फुटून गेली आणि तिच्या मागच्या हिमनद्यांचा वेग काही पटींनी वाढला. एकट्या थ्वेट्समध्ये समुद्र ६५ सेंटिमीटर वाढवण्याएवढा बर्फ आहे. एका रात्रीत नाही, पण एकदा सुरू झालं की मध्येच थांबवायचं बटण नाही.

आजवर काय झालं? १९०१ ते २०१८ या काळात जगभरातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षाला दीडेक मिलिमीटरच्या आत असणारा वेग २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटरवर गेला. यात बर्फ आहे तसंच तापून फुगलेलं पाणीही आहे. शतकाच्या अखेरीपर्यंत, १९९५–२०१४च्या सरासरीच्या तुलनेत, उत्सर्जन झटकन आवरलं तर २८ ते ५५ सेंटिमीटर आणि अजिबात आवरलं नाही तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर, असा आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचा अंदाज आहे. आणि इथे एक गंमत, कसली गंमत म्हणा. प्रचंड बर्फाचं गुरुत्वाकर्षण समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ कमी झाला की जवळचं पाणी सैल सुटून लांब जातं. ग्रीनलंडच्या किनाऱ्याला ग्रीनलंडच्या वितळण्यानं पाणी उलट उतरतं, आणि दोन्ही ध्रुवांपासून लांब असलेल्या आपल्यासारख्या उष्ण पट्ट्याच्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडं जास्तच येतं. आपण लांब आहोत म्हणून सुटलो, असं इथे चालत नाही.

वीस सेंटिमीटर म्हणजे वीत. विती-दीड वितीनं काय होतं ते बघायचं असेल तर पेण-अलिबागकडच्या खारजमिनीत जा. खाडीकाठी मातीचे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातशेती आहे ती. बांधात उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. हा सगळा कारभार भरतीच्या एका ठरलेल्या उंचीच्या भरवशावर चालतो. उधाण त्या उंचीच्या वर गेलं की बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, आणि ते मीठ धुवून निघायला पुढचे पावसाळे जातात. पूर्वी गावकी जमून रातोरात खांड बुजवायची. आता तरुण पोरं मुंबईला आणि कंपन्यांत, बुजवणार कोण? तेव्हा खांड पडली की दोष समुद्राचा किती आणि न राखलेल्या बांधाचा किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं निघतं. पण समुद्राची वीत सगळीकडेच हिशोबात धरावी लागते, आणि ती फक्त वाढतेय.

आता पुणं. तुमच्यापर्यंत बर्फ पोचतो तो पाण्यातून नाही, हवेतून. आमच्या खात्याच्या मान्सून अंदाजांची सुरुवातच एका अर्थानं लांबच्या बर्फापासून झाली. १८७६–७८च्या दुष्काळानंतर खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात हिमवर्षाव जास्त झाला की पुढचा पाऊस कमी पडतो असं १८८४ साली मांडलं, आणि त्याच धाग्यावर देशातले पहिले दीर्घ मुदतीचे अंदाज दिले गेले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबाशी आपला मान्सून जोडला. उत्तर ध्रुवाबद्दल म्हणाल तर रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असला की मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीच्या घटना वाढतात, असा संबंध आपल्या संशोधकांनी अलीकडे दाखवलाय. संबंध दिसणं वेगळं आणि कारण पक्कं होणं वेगळं, हे धरून चाला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७चा अभ्यास अधिक भक्कम आहे. मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, मुख्यतः तापलेल्या अरबी समुद्राच्या बाष्पामुळे. तो समुद्र तापवणारी उष्णता आणि ध्रुवावर बर्फ वितळवणारी उष्णता एकाच कारखान्यातून येतात, आपण हवेत सोडलेल्या कार्बनमधून.

पण म्हणून २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत जे केलं, वीसहून अधिक माणसं गेली, त्याची पावती आर्क्टिकच्या नावानं फाडू नका. ओढ्याचं पात्र आपण बुजवलं, वळवलं, त्यावर भिंती घातल्या. पाऊस जास्त पडायला लागलाय आणि पाण्याची वाट आपण अरुंद केलीय, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हवामानबदलाचं नाव घेऊन दुसरी लपवणारे अधिकारी मी पाहिलेत, आणि दुसरीवर बोट ठेवून पहिली उडवणारे विद्वानही.

बेफिकिरीकडे येतो. रूढ स्पष्टीकरण असं, की ध्रुव लांब आहेत, पन्नास वर्षं लांब आहेत, म्हणून लोकांना काही वाटत नाही. मला ते पटत नाही, आणि कारण अल निनो. पेरूच्या किनाऱ्यासमोरचं समुद्राचं पाणी तापतं, तो हा. यापेक्षा लांब काय असणार? तरी बारामतीच्या, जतच्या, सिन्नरच्या शेतकऱ्यानं मला फोन करून विचारलंय, "साहेब, औंदा अल निनो हाय का?" कारण एप्रिलमध्ये खातं मान्सूनचा पहिला अंदाज देतं आणि त्यावर त्याला मे महिन्यात बियाणं घ्यायचं असतं. सोयाबीन की तूर, विहिरीवर खर्च करायचा की थांबायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. माहितीला तारीख आहे आणि तिच्यापुढे त्याचा स्वतःचा निर्णय उभा आहे. बर्फाच्या बातमीला यातलं काही नाही. "थ्वेट्सचा तळ झिजतोय" हे वाचून मंगळवारी सकाळी बावधनच्या माणसानं नेमकं काय वेगळं करायचं? काहीच नाही. मग तो हळहळतो आणि पुढची बातमी वाचतो. मी त्याला बेफिकिरी म्हणत नाही. त्याच्या हातात काही नसलेल्या गोष्टीवर तो रोज झुरला तरच मला काळजी वाटेल.

आणि ज्यांच्या हातात आहे, त्यांचं काय? मैत्रीत आमचं एक नेहमीचं काम होतं ओझोनसोंड, म्हणजे हवेतला ओझोन मोजणारं उपकरण सोडण्याचं. भलाथोरला फुगा, त्याखाली दोरीला लटकवलेलं उपकरण. वाऱ्यात तो फुगा दोघांनी धरायचा, तिसऱ्यानं उपकरण उचलून पळायचं आणि ओरडायचं, "सोड!" चुकलं की उपकरण बर्फावर आपटून गेलंच. मग आत येऊन आलेख बघत बसायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुगा चौदा किलोमीटरच्या वर गेला की ओझोनची रेघ, जी तिथे फुगायला हवी, ती शून्याला चिकटून वर सरकायची. पाच-सात किलोमीटर जाडीचा थर, आणि त्यात ओझोन जवळजवळ नाहीच. ती रेघ मी विसरणार नाही.

अंटार्क्टिकावरचं ते ओझोनचं छिद्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ साली जाहीर केलं. १९८७ साली माँट्रियलमध्ये करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये आला. ओझोन खाणारे फ्रिज-एसीतले, फवाऱ्यातले वायू टप्प्याटप्प्यानं बंद झाले. आज छिद्र भरतंय, २०६६च्या सुमारास अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. आता आठवा, तुमच्या आईवडिलांनी लक्ष्मी रस्त्यावर किंवा कुठेही फ्रिज घेताना ओझोनचा विचार केला होता? नाही. त्यांना रंग आणि हप्ता महत्त्वाचा होता. लोक तेव्हाही आजच्याइतकेच बेफिकीर होते, आणि ते काम झालं. कारण गॅस बदलायची जबाबदारी मूठभर कंपन्यांवर टाकली, मुदत घातली, गरीब देशांना पैसे दिले. कार्बनचं तितकं सोपं नाही हे मान्य. तो मूठभर कारखान्यांतून येत नाही, आपल्या विजेतून, सिमेंटमधून, पोलादातून, पेट्रोलमधून येतो, आणि विकणाऱ्यांचं वजन फार मोठं आहे. पण "आधी प्रत्येकाचं मन बदलू, मग जग बदलेल" ही जी व्याख्यानं चालतात, त्यांना ओझोनच्या इतिहासात आधार सापडत नाही.

मैत्रीतलंच आणखी एक. तिथे अंटार्क्टिक करारानुसार कचरा टाकायचा नसतो. डबे, बॅटऱ्या, तेलाची पिंपं, सगळं वेगळं करून बांधून ठेवायचं आणि जहाजानं परत न्यायचं. सगळेजण पाळायचे, कुरकुर न करता. त्याच टोळीतला एकजण परत आल्यावर ताम्हिणीत माझ्यासमोर गाडीच्या काचेतून वेफर्सचं पाकीट बाहेर सोडताना मी पाहिला. विचारलं तर हसला, "इथे कोण बघतंय?" माणूस तोच होता. तिथे ते कुणाचं तरी काम होतं, यादी होती, सही होती.

म्हणून मला राग येतो तो तुमच्यासारख्यांचा नाही. राग येतो तो ज्यांच्या टेबलावर ही फाइल यायला हवी आणि येत नाही त्यांचा. पुण्यात विकास आराखड्यातला नवा (डीपी) रस्ता टेकडीला छेदून जातो तेव्हा, ओढ्याच्या पुररेषेत बांधकामाला सही होते तेव्हा, वीज कंपनी पुढच्या तीस वर्षांसाठी कोळशाचा करार करते तेव्हा. तिथे बसलेल्या माणसाला विज्ञान माहीत नसतं असं मुळीच नाही. आमच्याच व्याख्यानांना पहिल्या रांगेत असतो तो, शाल-श्रीफळासकट.

"मग मी एकटा काय करू" हा उपप्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येतोच. हिशोब सांगतो, उपदेश नाही. २०१६ साली दोन शास्त्रज्ञांनी मोजलं, की एक टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकचा सप्टेंबरातला सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो. बावधन-हिंजवडी एकट्यानं कारनं, ट्रॅफिकमधलं मायलेज धरून, वर्षाला साधारण एक टन होतं. म्हणजे दर वर्षी एका डबल बेडएवढा बर्फ. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल, ऑफिसची बस किंवा मेट्रो, एवढं जमलं तर करा. नाही जमलं तर वर्षभर अपराधी वाटून घेऊन उपयोग नाही. त्यापेक्षा नगरसेवकाला आपल्या प्रभागातल्या ओढ्याची पुररेषा कुठून जाते ते लेखी विचारा. त्या पत्राला आवक क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडलेला कागद महापालिकेत सहजासहजी मरत नाही.

आता प्लॉट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यातल्या कित्येक अजून उभ्या राहतायत. तेव्हा पहिलं काम, प्लॉटच्या शेजारच्या वाडीवाल्याकडे बसा आणि त्या दिवशी पाणी कुठवर आलं ते विचारा. एजंटला सोबत नेऊ नका.

एनए (बिगरशेती) आदेश म्हणजे सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची परवानगी नव्हे, हे बहुतेकांना पैसे दिल्यावर कळतं. २०१९च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात कमाल भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते अंतर ५० मीटरपर्यंत उतरू शकतं. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याचे १:४,००० प्रमाणाचे नकाशे आहेत, त्यावर तुमचा गट नंबर बसवून घ्या. त्याच नकाशांवर सर्वे ऑफ इंडियानं आखलेली धोकारेषा दिसते. पूर, समुद्राची वाढती पातळी, किनाऱ्याची झीज हे सगळं धरून काढलेली ती रेषा आहे. बांधकामाच्या मनाईसाठी ती आता वापरत नाहीत. तुम्ही स्वतःसाठी वापरा, प्लॉट तिच्या समुद्राकडच्या बाजूला असेल तर विषय संपला.

मागे खाडी आहे का ते बघा. कोकणात भाव समोरच्या समुद्राचा लागतो, आणि पाणी बहुतेक वेळा मागच्या खाडीतून शिरतं. विहिरीचं पाणी मे महिन्याच्या शेवटी चाखा, जानेवारीत सगळ्याच विहिरी गोड असतात. सर्वेअर नेऊन प्लॉटची उंची भरतीरेषेच्या किती वर आहे ते मोजून घ्या, सातबाऱ्यावर ती नसते.

मी घेतला असता का? किनाऱ्याच्या पहिल्या ओळीतला नाही. गावाची जुनी घरं ज्या रेषेत आहेत तिच्या मागे, चढावर, कमरेएवढं जोतं घालायच्या तयारीनं, तर हो. सौदा करण्याआधी जुलै-ऑगस्टातल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भरतीच्या तक्त्यात वेळ बघून, पाऊस असेल तर उत्तमच, प्लॉटवर जाऊन दोन तास उभे राहा. बयाणा त्यानंतर द्या.